जनुकशास्त्र शिकलेल्यांनी पेटंटचं काम कसं धरावं

भारतीय कायद्यात ‘पेटंट ॲटर्नी’ असा शब्दच नाही. १९७० चा पेटंट कायदा ओळखतो तो पेटंट एजंट. कलम १२६ प्रमाणे तो भारताचा नागरिक हवा, २१ वर्षांचा हवा, त्याच्याकडे विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी हवी आणि पेटंट कार्यालयाची पात्रता परीक्षा तो उत्तीर्ण झालेला हवा. एजंटची नोंदणी आणि वकिलीची सनद, दोन्ही हाताशी असली की लोक त्याला पेटंट ॲटर्नी म्हणतात.

नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके महाविद्यालयातून बॉटनी, बायोटेक, मायक्रोबायोलॉजी करून पुढे जनुकशास्त्रात संशोधन केलेली मुलंमुली या वाटेची चौकशी करतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक एलएलबीचा असतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी एजंटची परीक्षा, एलएलबी नंतर, आणि तीही गरज दिसली तरच. अर्ज लिहिणं, दाखल करणं, हरकतींना उत्तर देणं, कंट्रोलरपुढे, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, सुनावणीत बाजू मांडणं, हे सगळं एजंटला करता येतं. सनद लागते ती कोर्टात उभं राहायला. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बंद झालं, तेव्हापासून मुंबई पेटंट कार्यालयाच्या निर्णयावरची अपिलं मुंबई उच्च न्यायालयात जातात. तिथे वकीलच हवा. दुसरी बाजू अशी की बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. कंपनीत नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते. म्हणजे तीन वर्षं घालवून मिळवलेली सनद पहिल्याच नोकरीत कपाटात जाऊ शकते.

परीक्षेचं गणित आधी मांडून घ्या. पहिला पेपर कायदा आणि नियमांचा, १०० गुणांचा. दुसरा स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं तपशीलवार वर्णन, लिहिण्याचा आणि समजून घेण्याचा, तोही १०० चा. तोंडी परीक्षा ५० गुणांची. दोन्ही लेखी पेपरांत प्रत्येकी किमान ५० हवेत आणि एकूण २५० पैकी ६० टक्के, म्हणजे १५०. लेखीत ५५ आणि ६० मिळाले तर तोंडीत ३५ लागतात. ५० आणि ५० वर अडकलात तर तोंडीत ५० पैकी ५० लागतील, म्हणजे संपलंच. परीक्षा दरवर्षी होईलच याची खात्री नाही, म्हणून जाहिरात निघाल्यावर अभ्यासाला बसणाऱ्यांची संधी जाते.

संशोधनातून आलेले लोक दुसऱ्या पेपरात मार खातात, आणि त्याचं कारण त्यांच्या हाडात मुरलेली शोधनिबंधाची शिस्त. शोधनिबंधात आधी पार्श्वभूमी, मग पद्धत, मग निष्कर्ष, आणि प्रत्येक वाक्याला ‘असं दिसतं’, ‘असू शकेल’ यांची गादी. क्लेमला असली गादी चालत नाही. क्लेम म्हणजे आपल्या हक्काची हद्द सांगणारं एकच वाक्य, आणि त्या वाक्यातला प्रत्येक शब्द कुंपणाचा खांब असतो. एक खांब जास्त रोवलात तर हद्द लहान होते, कमी रोवलात तर दुसऱ्याच्या वावरात शिरता. सराव असा करा: कार्यालयाच्या इनपास या मोफत शोधयंत्रावर मंजूर झालेलं जैवतंत्रज्ञानाचं पेटंट काढा, क्लेम झाकून फक्त वर्णन वाचा, स्वतः पहिला क्लेम लिहा, मग मंजूर क्लेमशी ताडून पाहा. त्यानंतर मूळ दाखल केलेला क्लेम आणि मंजूर झालेला क्लेम शेजारी ठेवा. मधे काय कापलं गेलं आणि कोणत्या हरकतीमुळे, हे फाइलमध्येच असतं. अशी पन्नास पेटंटं केली की हात बसतो. कायद्याचं मूळ पुस्तक आणि २००३ चे नियम वाचताना १५ मार्च २०२४ पासूनच्या दुरुस्त्या धरलेली प्रत घ्या. जुन्या नोट्समध्ये परीक्षणाची विनंती करायला ४८ महिने लिहिलेले असतात. आता ते ३१ महिने आहेत.

आता प्रत्यक्ष काम. नाशिकचंच उदाहरण घेऊ. समजा, एका संशोधकानं द्राक्षावरच्या डावणी या रोगाची चाचणी बनवली आहे. डावणीची बुरशी स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधाला दाद देत नाही हे बागेतच तासाभरात कळावं, असा हेतू. दाद न देण्यामागचं एक मोठं कारण जगाला माहीत आहे: सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन येतं. संशोधकानं त्या जागेवर डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी लॅम्प पद्धत लावली. तिच्यात ४ ते ६ प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) जनुकावरच्या ६ ते ८ जागा ओळखतात आणि ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या एकाच तापमानाला काम होतं, म्हणून पीसीआर यंत्र लागत नाही.

संशोधक सांगेल, ‘हा बदल ओळखणारी कुठलीही चाचणी माझी.’ ते मिळणार नाही, कारण बदल आणि त्याचा परिणाम आधीच प्रसिद्ध आहे. त्याखालची पायरी, ‘या जागेवर लॅम्पनं केलेली चाचणी’, तीही डळमळीत. माहीत असलेल्या जागेवर माहीत असलेली पद्धत लावली, असं पेटंट कार्यालयाचा परीक्षक म्हणणार. मग शोध आहे कुठे? इथे जनुकशास्त्राचं शिक्षण कामी येतं. द्राक्षाच्या पानातले पॉलिफिनॉल डीएनएच्या प्रती बनवणाऱ्या पॉलिमरेजला अडवतात, म्हणून डीएनए शुद्ध करावा लागतो, आणि तेवढ्यासाठी नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागतो. या संशोधकाची चाचणी पान चुरडून काढलेल्या कच्च्या रसावर चालत असेल, तर गाभा ते शक्य करणाऱ्या द्रावणात आहे. प्रायमरचं तीन-प्राइम टोक नेमकं बदललेल्या अक्षरावर बसवलं असेल, तरी औषधाला दाद देणाऱ्या बुरशीतही प्रतिक्रिया उशिरा का होईना चढते. मग निकाल किती मिनिटांना वाचायचा ही मर्यादासुद्धा शोधाचा भाग होते. संशोधकाला या दोन्ही गोष्टी ‘किरकोळ जुळवाजुळव’ वाटतात आणि तो त्या सांगतच नाही. विचारून बाहेर काढाव्या लागतात. चांगल्या एजंटचं अर्धं काम मला तरी हेच वाटतं.

विचारताना भाषाही सांभाळा. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत दाखल होतो, मराठीत नाही, पण बोलणं मराठीतच होणार. बागाईतदार डावणी, भुरी, करपा म्हणतो तेव्हा तो नेमक्या कुठल्या बुरशीबद्दल बोलतोय, हे शास्त्रीय नावानिशी तिथल्या तिथे पक्कं करा. भुरी आणि डावणी यांची गल्लत स्पेसिफिकेशनमध्ये गेली तर नंतर नवा मजकूर घालून ती दुरुस्त करता येत नाही.

मग पुरावा. क्लेमची रुंदी तुमच्या तक्त्याएवढीच असते. द्रावणातला एखादा घटक १, २ आणि ४ टक्क्यांना तपासला असेल, तर ‘१ ते ४ टक्के’ लिहिता येतं, ‘०.५ ते १०’ लिहिलं तर आधार कुठे, ही हरकत येणारच. तो घटक न घालता काय होतं याचा प्रयोग हवा. भुरीच्या आणि करप्याच्या नमुन्यांवर चाचणी चुकून सकारात्मक येत नाही, हे दाखवायला हवं. जनुकाच्या किती कमी प्रतींपर्यंत ओळख पटते, तो आकडा हवा. प्रथिनांच्या क्लेममध्ये ‘९० टक्के साम्य’ लिहिण्याची सवय फार दिसते. ३०० अमिनो आम्लांच्या प्रथिनात ९० टक्के साम्य म्हणजे ३० जागा बदलायची मोकळीक. तुम्ही दोन उत्परिवर्तनं तपासली आणि ३० जागांची हद्द मागितली, तर परीक्षकाची हरकत रास्त आहे. कुठल्या जागा बदलल्या तर काम बंद पडतं, हे सांगता आलं तरच रुंद क्लेम टिकतो.

कलम ३ ची यादी जनुकशास्त्रवाल्यांनी पाठच करावी. ३-सी: निसर्गात असलेली वस्तू शोधून काढली म्हणून पेटंट नाही, प्रायमरचा क्रम निसर्गातल्या जनुकासारखाच असेल तर ही हरकत येते, म्हणून निसर्गात नसलेली शेपटी, चमकणारा लेबल किंवा ठरावीक प्रायमरांचा संच पुढे ठेवावा लागतो. ३-ई: नुसतं मिश्रण नको, एकत्र आल्यानं वाढलेला परिणाम दाखवा, किटवर ही हरकत हमखास येते. ३-एच: शेतीची पद्धत नको, म्हणून ‘चाचणी करून त्याप्रमाणे फवारणी करणे’ असा क्लेम न लिहिता चाचणीपाशी थांबा. ३-जे: वनस्पती, प्राणी, त्यांचे भाग, बियाणं, वाण काहीच नाही, सूक्ष्मजीव मात्र वगळलेले. ३-आय माणसांच्या आणि जनावरांच्या रोगनिदानाला अडवतं. त्यातला वनस्पतींचा उल्लेख २००२ च्या दुरुस्तीनं काढला, म्हणून डावणीची चाचणी या कलमातून सुटते आणि सिकलसेलची चाचणी अडकू शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं गर्भाच्या डीएनएवरच्या एका चाचणीबाबत सांगितलं की शरीराबाहेर केली म्हणून चाचणी आपोआप सुटत नाही, पण जिच्यावरून मुळात रोगनिदान होऊच शकत नाही ती ‘निदान’ धरता येणार नाही. माणसांच्या जनुकीय चाचण्यांवर काम करणाऱ्यानं तो निकाल पूर्ण वाचावा.

सूक्ष्मजीवांबाबतचा जुना महत्त्वाचा निकाल २००२ चा, कलकत्ता उच्च न्यायालयाचा, डिमिनॅको कंपनीचा. कोंबड्यांच्या गंबोरो रोगाची जिवंत लस बनवण्याची प्रक्रिया होती. शेवटी हाती येणारी वस्तू जिवंत आहे म्हणून प्रक्रियेला पेटंट नाकारता येणार नाही, असं कोर्टानं म्हटलं. पोल्ट्रीच्या पट्ट्यातल्या माणसाला तरी हा निकाल पुस्तकी वाटू नये.

द्राक्षाच्या कामात सर्वात जास्त चुकतो तो दिवसांचा हिशेब. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं स्पेसिफिकेशन, दाखल केल्यापासून १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यावं लागतं. आता बागेचं वर्ष बघा. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, आणि डावणीचा खरा धोका छाटणीनंतरच्या कोवळ्या पानापासून फुलोऱ्यापर्यंत. संशोधकाला नोव्हेंबरात पहिला चांगला निकाल मिळतो आणि तो उत्साहात त्याच महिन्यात प्रोव्हिजनल टाकतो. मुदत पुढच्या नोव्हेंबरात संपते. म्हणजे दुसऱ्या हंगामाचे जेमतेम चार-सहा आठवडे हाती, तेही पाऊस कसा पडतो यावर. तोच अर्ज मार्चमध्ये टाकला असता तर पुढचा अख्खा हंगाम मुदतीच्या आत बसला असता. मार्चपर्यंत थांबण्यात जोखीम आहेच, कारण पहिला येईल त्याचा हक्क. कोणी स्पर्धक त्याच कामावर असल्याची चाहूल असेल तर थांबू नका आणि दुसऱ्या हंगामाचे नमुने सटाणा-देवळा भागातल्या अर्ली छाटणीच्या बागांतून लवकर घ्या. कलम १७ खाली अर्जाची तारीख सहा महिन्यांपर्यंत पुढे सरकवून घेता येते, पण तेवढा प्राधान्याचा काळ कायमचा जातो आणि मधल्या काळात काही प्रसिद्ध झालं असेल तर घात होतो. प्रोव्हिजनल दोन पानांचं, मोघम लिहू नये. जे त्यात लिहिलेलं नाही, त्याला ती तारीख मिळत नाही.

नमुना कुठून आणला, याची नोंद गाव, तालुका, तारखेसह प्रयोगवहीत असावी. जैविक सामग्रीचा स्रोत आणि भौगोलिक मूळ स्पेसिफिकेशनमध्ये सांगावं लागतं. ते दडवलं किंवा चुकीचं लिहिलं तर त्या कारणावर विरोधही होतो आणि पेटंट रद्दही होतं. दिंडोरीच्या बागेतली बुरशी हीसुद्धा भारतातली जैविक संपत्ती आहे, त्यामुळे जैवविविधता कायदा लागू होतो. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दुरुस्तीनुसार भारतीय अर्जदारानं पेटंट मंजूर होण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची आणि व्यापारी वापराच्या वेळी मान्यता घ्यायची. परदेशी अर्जदाराला मंजुरीपूर्वीच मान्यता लागते. हे कागद शेवटी करू म्हणून ठेवले की मंजुरीच्या तोंडावर फाइल अडकते.

शब्दांत वर्णन करून दुसऱ्याला बनवता येणार नाही असा सूक्ष्मजीव असेल, तर तो सूक्ष्मजीवांच्या ठेवींसाठीच्या बुडापेस्ट करारातल्या मान्य संग्रहात ठेवावा लागतो. भारतात पुण्याचं एमसीसी आणि चंडीगडचं एमटीसीसी त्यासाठी मान्य आहेत. ठेव अर्जाच्या तारखेपर्यंत झालेली हवी आणि तिचा क्रमांक अर्जापासून तीन महिन्यांत स्पेसिफिकेशनमध्ये यायला हवा. ट्रायकोडर्मा या बुरशीचा वाण असेल तर हे सरळ होतं, फक्त जिवंतपणाच्या तपासणीला लागणारे दिवस धरून काही आठवडे आधी पाठवा. डावणीची बुरशी मात्र जिवंत पानाशिवाय वाढतच नाही. तिच्याबाबत ठेवीच्या मागे न लागता डीएनएचा क्रमच नेमका द्यावा.

क्रमांची यादी १ जुलै २०२२ पासून एसटी.२६ या जागतिक मानकाप्रमाणे एक्सएमएल फाइलमध्ये बनते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. १० किंवा जास्त न्यूक्लिओटाइडचे आणि ४ किंवा जास्त अमिनो आम्लांचे क्रम यादीत जातात, त्याहून लहान घालायचे नाहीत. आरएनए असला तरी यू च्या जागी टी लिहायचा. इथे दोन चुका नेहमी होतात. उलटा प्रायमर उलट्या दिशेनं लिहिला जातो. प्रत्येक क्रम पाच-प्राइम टोकाकडूनच हवा. आणि एखादा छोटा क्रम यादीतून गळला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, पण क्लेममधले जुनेच राहतात. दाखल करण्याआधी क्लेममधला प्रत्येक क्रमांक यादीशी बोट ठेवून जुळवा.

शोध घेतानाही असाच बारकावा. वीस अक्षरी प्रायमर ब्लास्ट या क्रम शोधणाऱ्या साधनावर टाकला आणि शोध त्यातल्या मेगाब्लास्टच्या २८ च्या शब्दलांबीवर (सलग किती अक्षरं जुळायला हवीत त्यावर) राहिला, तर काहीच सापडणार नाही आणि ‘नवीन आहे’ असा खोटा दिलासा मिळेल. छोट्या क्रमांसाठी शब्दलांबी ७ ठेवा आणि पेटंटमधल्या क्रमांचा संग्रह वेगळा निवडा. शब्दांनी शोधताना पेटंट वर्गीकरणातला सी१२क्यू १/६८९५ हा वर्ग बघा; वनस्पती, बुरशी, शैवाल यांच्या जनुकीय चाचण्या तिथे जातात.

शुल्क: व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग, शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जाचे १६०० रुपये, परीक्षणाचे ४०००. इतर कंपन्यांना ८००० आणि २००००. लहान अर्जदाराला ३० पानांपुढे दर पानाला १६० आणि १० क्लेमपुढे दर क्लेमला ३२० रुपये. जनुकशास्त्राची स्पेसिफिकेशनं फुगतात, म्हणून हे आधी सांगून ठेवावं. पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला सहा महिने, मागून घेतले तर आणखी तीन.

बागाईतदार नवा द्राक्षवाण घेऊन आला तर त्याला पेटंटच्या दारात बसवून ठेवू नका. तास-ए-गणेश, सोनाका हे वाण शेतकऱ्यांनीच वेलीवर नजर ठेवून निवडले. अशा कामाची जागा २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर असल्याची चाचणी होते. द्राक्ष वेल असल्यानं संरक्षण १८ वर्षं, झाडं-वेली सोडून इतर पिकांना १५. नवीन वाण म्हणून नोंदवायचा असेल तर भारतातली विक्री अर्जाच्या आधी एका वर्षापेक्षा जुनी नको. रोपं ओळखीपाळखीत विकून झाल्यावर लोक येतात आणि तिथेच गाडी अडते.

नोकरीत पहिलं वर्ष शोध-अहवाल आणि परीक्षण अहवालांच्या उत्तरांचे मसुदे यांतच जातं. ते कंटाळवाणं समजू नका, हात तिथेच घडतो. कामं मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळुरूकडे जास्त, पण अर्ज ऑनलाइन दाखल होतात आणि सुनावण्या बहुतेक व्हिडिओवर होतात, त्यामुळे अँटॉप हिलच्या कार्यालयासाठी सकाळची पंचवटी एक्सप्रेस गाठायची वेळ क्वचितच येते. नाशकात बसून हे काम नीट होतं. पीएचडी सक्तीची नाही. परदेशी कंपन्यांच्या प्रतिपिंड आणि जनुक-संपादनाच्या फाइली हव्या असतील तर तिचा उपयोग होतो. इतरांना दोन-तीन वर्षांचं हातानं केलेलं प्रयोगशाळेतलं काम पुरतं.

संशोधकाशी पहिली बैठक झाली की तांत्रिक प्रश्नांच्या आधी एक गोष्ट विचारा: हे आजवर कुठे कुठे दाखवलंत? प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संग्रहावर चढला का? जेनबँक या क्रमांच्या खुल्या संग्रहात क्रम देताना ठरावीक तारखेपर्यंत रोखून ठेवायला सांगितलं होतं, की लगेच खुला झाला? परिषदेत पोस्टर लावलं का, आणि त्याचा गोषवारा कोणत्या तारखेला छापला? कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला होता का? कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधांना मिळते, गावोगावच्या प्रदर्शनांना मिळत नाही. स्टॉलवर किट नुसतं मांडलं होतं, की आत काय आहे तेही सांगितलं, माहितीपत्रक वाटलं का, त्यावर काय छापलं होतं, हे सगळं तारखांसह लिहून घ्या आणि माहितीपत्रकाची एक प्रत फाइलला लावा.